टोकाच्या खुर्चीवरच्या बाई

१

माझ्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. फादर एलिसेओ म्हणाले, झोप पुरत नसेल. दुकानवाली चोले म्हणाली, डोळे तपासून घे. दवाखान्यातल्या नर्सबाईनं दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघितला आणि मीठ कमी करा म्हणाली. मीठ! मी माझ्याच घरातून पुसली जात होते आणि हिला मिठाची पडली होती.

म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जे मावेल ते.

सान इसिद्रो आल्तोच्या खालच्या अंगाला, पाइनचं रान सुरू होतं तिथे माझं घर. चार खोल्या, आठ खाटा, एक स्वयंपाकघर आणि त्यात एक लांब टेबल. माझा नवरा आबुन्दियो वारला, मुलगी आरासेली सीमा ओलांडून उत्तरेला गेली, तेव्हा रिकाम्या खोल्यांचं करायचं काय म्हणून मी परदेशी पाहुणे ठेवायला लागले. ते डोंगर चढायला येतात. त्यांच्या देशात डोंगर नाहीत का, विचारलं की हसतात.

सगळ्यांच्या काखेत एकच पुस्तक असतं. जाडजूड, निळ्या पाठीचं. कुठे झोपायचं, काय खायचं, कुठलं पाणी प्यायचं नाही, आणि आम्हा लोकांशी वागायचं कसं, हे सगळं त्यात असतं. आम्ही कसे वागतो ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, पण त्यांना छापून लागतं.

एक गोष्ट मात्र त्यांना शिकवायलाच हवी होती. आमच्याकडे जेवत्या माणसाजवळून मुकाट्यानं जायचं नसतं. 'प्रोवेचो' म्हणायचं. खाल्लेलं अंगी लागो. आणि जेवणाऱ्यानं 'ग्रासियास' म्हणायचं. बाजारात अनोळखी माणूस उभ्याउभ्या सूप पीत असला तरी त्याला म्हणायचं. मुकाट जातं ते कुत्रं. आणि 'प्रोवेचो' ऐकून जो उत्तर देत नाही, तो कुत्र्याच्याही खालचा.

पाहुणे आपले ताटावरून उठायचे आणि चालायला लागायचे. चार वर्षांपूर्वी ते पुस्तक लिहिणारा पुस्तकवाला आला, किडकिडीत, भिजलेला, कान लाल. पावसानं त्याला तीन दिवस अडकवून ठेवलं. तेव्हा त्याला मी चांगला फैलावर घेतला. म्हटलं, लिही तुझ्या त्या पुस्तकात, दोन्या फिदेलाच्या टेबलावरून प्रोवेचो म्हटल्याशिवाय उठायचं नाही. त्यानं लिहून घेतलं. फिदेला मी, आणि दोन्या म्हणजे बाईमाणसाला मानानं म्हणायचं ते.

आणखी एक सांगायचं राहिलं. आरासेली दर रविवारी चारला चोलेच्या टेलिफोनवर फोन करते. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. बसमध्ये चढताना मी तिला म्हटलं होतं, गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस. फोनवर मला तिला एकच शब्द सांगायचा असतो, ये. तोंडातून निघतं ते वेगळंच. तिनं फोटो पाठवला तर, केस का कापलेस. त्या माणसाशी लग्न कधी करणार. मग ती म्हणते, ठेवते आई.

२

माझी चूल भिंतीला लागून आहे. भाकऱ्या थापताना टेबलाकडे माझी पाठ असते. हे ध्यानात ठेवा.

ती सकाळ धुक्याची होती. हॉलंडची इंगे नावाची शाळामास्तरीण एकटीच मागे राहून कॉफी पीत होती, बाकीचे पुढे गेले होते. लांब हाडाची, मोठ्या पावलांची, पण बोलायला गोड, आणि आमची भाषा चांगली बोलायची. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "प्रोवेचो."

मी वळून पाहिलं. टेबलावर कोणी नव्हतं. इंगे टेबलाच्या टोकाकडे बघून मान लववत होती. तिथे एक खुर्ची असते. तिचा एक पाय आखूड, म्हणून तिच्यावर कोणी बसत नाही. मी धुतलेली फडकी घडी करून तिच्यावर ठेवते.

"फडक्यांना म्हणालीस होय गं?" मी म्हटलं. "पचतील हो त्यांना!"

इंगे लाजून हसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दोन पोरगेलेसे नवरा-बायको होते. त्यांना आमच्या भाषेतले चार शब्द येत नव्हते. त्यांनीही उठताना टोकाकडे बघून मान लववली. "पोवेशो," नवरा म्हणाला. मग माझ्या ध्यानात यायला लागलं. बाकावर बसताना हे लोक खुर्चीजवळची वीतभर जागा मोकळी सोडतात. तिच्या बाजूनं हात लांब करून मीठ घेत नाहीत. आणि माझी फडकी रोज सकाळी बाकावर ठेवलेली सापडतात, घडी न मोडता.

३

मी काही घाबरणारी बाई नाही. इंगे अजून माझ्याकडेच उतरलेली होती, सरळ तिलाच गाठलं.

"ते पुस्तक उघड. माझं घर काढ. वाच."

तिनं बोट ठेवून वाचलं. खोल्या स्वच्छ. न्याहारीला काळा घेवडा, गरम भाकरी, घोटलेलं चॉकलेट. मग वागण्याचं. 'उठताना प्रोवेचो म्हणा. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर घरातल्या थोरल्या बाई बसतात. त्या फारशा बोलत नाहीत. त्यांनाही म्हणा. त्यांच्या खुर्चीवर बसू नका.'

माझ्या हातातलं पीठ सुकून गेलं.

"कोण आहेत त्या?" इंगेनं विचारलं. "मला वाटलं आजारी असतील. दिसल्या नाहीत, तरी म्हणावं, म्हणून म्हटलं."

कोण असणार! मला आठवलं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकवाल्यानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही इथे एकट्याच राहता?" चार खोल्यांत परके पुरुष झोपलेले, आणि मी सांगू एकटी आहे म्हणून? आमच्याकडे कुठलीच शहाणी बाई असं सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त. नवरा वारलेला, पोटची मुलगी टाकून गेलेली. म्हणून मी खुर्चीकडे भाकरीचं उलथनं दाखवलं आणि म्हटलं, "एकटी कशी? मोठ्या बाई आहेत ना. तिथे बसतात. कमी बोलतात." त्या भोळ्यानं तेही उतरवून घेतलं.

मी इंगेला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, "आजारी असतात."

"चुकीचं काही असलं तर सांगा," ती म्हणाली. "मागे पत्ता दिलाय. आमच्यासारखे लोक पत्र पाठवतात, मग पुढच्या खेपेला ते सुधारून छापतात."

"चुकीचं काही नाही," मी म्हटलं.

उलट फायदाच झाला. थोरल्या बाई आजारी म्हणून पाहुणे बूट आपटत नव्हते, हळू बोलत होते. फक्त एकच गोष्ट सहन होत नव्हती. ते 'प्रोवेचो' म्हणून थांबायचे. तो शब्द टेबलावर पडून राहायचा, आणि कोणी उचलायचं नाही. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, उत्तराविना! लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं हे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. भाकरी उलटता उलटता, पाठमोरीच, आवाज जरा म्हातारा करून मी म्हणून टाकलं, "ग्रासियास."

पाहुणे खूश होऊन गेले.

मग रोज म्हणायला लागले. थोरल्या बाईंच्या वतीनं. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. घरात दोन आवाज असल्यासारखं.

४

मार्चमधली गोष्ट. चूल धगधगत होती. मागे कोणीतरी म्हणालं, "प्रोवेचो."

मी तोंड उघडलं.

"ग्रासियास."

मी म्हटलं नव्हतं. तोंड उघडं होतं, जीभ जागची हलली नव्हती. आवाज म्हातारा नव्हता. मी मुद्दाम काढायचे तसा नव्हता. माझाच होता, पण चांगल्या दिवसातला. आबुन्दियो होता तेव्हा मी असं बोलायचे, बहुतेक. आता आठवत नाही.

वळले तर खुर्ची रिकामी. पाहुणा दारातून जात होता, हसरा.

मनाला समजावलं की मीच म्हटलं असणार. रोजची सवय, तोंडातून आपोआप गेलं असेल. दुसऱ्या दिवशी खात्री करायला दातांत फडकं धरून भाकऱ्या थापल्या.

"प्रोवेचो."

"ग्रासियास, बाळांनो."

बाळांनो! मी जन्मात कोणाला बाळांनो म्हटलेलं नाही.

तशीच फडकं तोंडात धरून चोलेकडे गेले. चोले माझी कोमाद्रे, आरासेलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच हातावर धरलं होतं. सख्ख्या बहिणीपेक्षा हे नातं वरचं. गावातला एकुलता टेलिफोन तिच्या दुकानात आहे, आणि छपरावर कर्णा. फोन आला की कर्ण्यातून नाव पुकारते, सगळ्या डोंगराला कळतं कोणाला कोणाची आठवण आली ते.

सगळं ऐकून ती लोकरीचे टाके मोजत राहिली.

"कोमाद्रे, एक विचारू? रागावू नकोस. शेवटचं कधी बसलीस कोणासोबत जेवायला?"

"मी सांगतेय काय आणि तू विचारतेस काय!"

"तेच सांगतेय. माणूस एकटं राहिलं की भिंतीसुद्धा बोलतात. माझ्या सासूशी कोंबड्या बोलायच्या."

"तुझी सासू वेडी होती."

"म्हणजे बघ," चोले म्हणाली.

घरी आले, कुऱ्हाड घेतली आणि त्या खुर्चीचे आठ तुकडे केले. चुलीत घातले. त्यावर घेवडा शिजवला आणि पोटभर खाल्ला.

सकाळी स्वयंपाकघरात आले तर टेबलाच्या टोकाला खुर्ची. चार नंबरच्या खोलीतली, चांगली, वेताची. चार नंबरमध्ये एक कॅनडाचा म्हातारा उतरला होता. तो अदबीनं उभा राहिला आणि खाणाखुणा करून म्हणाला, बाई उभ्या होत्या, म्हणून मी माझी आणून दिली.

मी त्याला विचारलं, कशा दिसतात? त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. पुन्हा माझ्याकडे. आणि कॉफीत साखर घालायला लागला.

५

त्या वर्षात पाहुणे माझ्याशी कमी कमी बोलायला लागले. मी आधी पावसाला दोष दिला, मग माझ्या तोंडाला. भाकरी ताटात टाकली तर मान वर न करता घ्यायचे. खोलीची किल्ली टेबलाच्या टोकावर ठेवून जायचे. मी समोर हात पसरून उभी असताना.

मग इंगे पुन्हा आली. दोन वर्षांनी. दारात तिला पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की पिठाच्या हातांनी पुढे गेले. ती माझ्या अंगावरून पुढे गेली. लोक रस्त्यातल्या टोपलीला वळसा घालतात तसा वळसा घालून. टेबलाच्या टोकाशी वाकली आणि हवेत, गालाच्या उंचीवर, मुका घेतला.

"बाई! काहीच बदलला नाहीत तुम्ही!"

मी चुलीकडे वळले. काय करणार, भाकरी जळत होती.

"नवीन पुस्तक आलंय," मागे तिचा आवाज. "तुमच्याबद्दल काय लिहिलंय ऐकवू?" आणि तिनं आमच्या भाषेत करून वाचलं. 'मालकीणबाई दोन्या फिदेला टेबलाच्या टोकाला बसतात. स्वभावानं मऊ, बोलणं कमी. उठताना त्यांना प्रोवेचो म्हणायला विसरू नका. चुलीपाशी काम करणारी बाई तापट आहे. तिच्याशी बोलायला जाऊ नका, तिच्याकडे टक लावून पाहू नका. तिला ते आवडत नाही.'

"हे कोणी लिहिलं?" मी ओरडले. हातातलं उलथनं खाली पडलं. "इंगे, मी फिदेला! इकडे बघ! मी!"

इंगेनं डोळे ताटाकडे वळवले. तिचे कान लाल झाले होते. भली बाई, पुस्तकात सांगितलेलं काटेकोर पाळत होती.

"अशीच करते का ती नेहमी?" तिनं हळूच विचारलं.

उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. इंगे मात्र कळवळून म्हणाली, "अरेरे."

६

रविवारी कर्णा वाजला. दोन्या फिदेला, उत्तरेचा फोन. मी चढण धापा टाकत चढले. अंगणातून निघायला जरा उशीर झाला होता, चपलेचा पट्टा तुटला म्हणून.

चोले दुकानात विणत बसली होती. टेलिफोन जागेवर ठेवलेला.

"काय गं, विसरलीस काही?"

"आरासेलीचा फोन ना?"

"हो, आणि बोललीस की. आत्ता तर बाहेर पडलीस." तिनं विणकाम खाली ठेवलं. "कोमाद्रे, खरं सांगू? आज मला फार बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तू तिला ओरडली नाहीस. नुसती ऐकत होतीस. हो बाळा, हो बाळा. मी तिकडे तोंड करून बसले, म्हटलं माय-लेकींना बोलू दे. मला तर रडूच आलं."

"काय म्हणाली ती?"

"मलाच विचार! येतेय ना पोर. मेणबत्त्यांच्या सणाला. तूच म्हणालीस, ये."

ये.

अकरा वर्षं जो शब्द माझ्या घशात अडकला होता, तो त्या टोकाच्या बाईनं एका दमात म्हणून टाकला. मी चोलेच्या पायरीवर बसले. खाली धुकं माझ्या घरावरून सरकत होतं, धुराड्यातून धूर निघत होता. मी निघताना चूल झाकून आले होते.

तिला हाकलायचा उपाय मी विचारात घेतला नाही असं समजू नका. फादरना सांगून घरावर तीर्थ शिंपडता आलं असतं. दाराला कुलूप घालून पाहुणे बंद करता आले असते. पण ती गेली तर आरासेलीला कोणी म्हणायचं, ये? मी? मला माझं तोंड ठाऊक आहे.

मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा.

७

सणाच्या दिवशी सकाळी नऊच्या बसनं ती आली. मी पहाटेपासून पानात गुंडाळून उकडायचे मक्याचे गोळे केले होते, आत गोड मिरचीचं सारण, तिला लहानपणी आवडायचं तसं. दार वाजलं तेव्हा हात तव्यावर होते.

"आई!"

मी वळले. आरासेली दारात उभी होती. केस आखूड, चेहरा रुंद झालेला, डाव्या गालावर खळी तीच. काखेत निळ्या पाठीचं पुस्तक. माझ्या घराची वाट विसरली होती की काय कोण जाणे.

ती धावली. माझ्याकडे नाही.

मी चुलीकडे तोंड केलं. आबुन्दियोचा दाढीचा आरसा अजून चुलीजवळच्या खिळ्यावर आहे. तळहाताएवढा, वाफेनं धुरकटलेला. त्यात आरासेलीचं डोकं दिसत होतं, कोणाच्या तरी मांडीवर टेकवलेलं. चेहरा आरशात येत नव्हता. शालीचा काठ दिसला, माझ्या शालीचा. मग एक हात आला आणि त्यानं आरासेलीचे ते आखूड केस कानामागे सारले. मनगटावर भाजल्याचा डाग होता, अर्ध्या चंद्रासारखा. आरासेली पोटात असताना तव्यावर टेकून मला भाजलं होतं, तो.

मी माझं मनगट बघितलं. पिठानं माखलेलं होतं. पाण्यात बुडवून घासलं, पुन्हा घासलं. कातडी साफ होती. नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखी.

त्या खूप वेळ बोलत बसल्या. आरासेली हसली. तिचं हसणं मी विसरले होते. आता वळावं आणि ओरडावं, मी तुझी आई, असं घशापर्यंत आलं. पण तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं ते मला माहीत होतं. आधी निघालं असतं, केस का कापलेस.

शेवटी ती उठली. ताट स्वतः उचलून माझ्या बाजूला ठेवलं, मान खाली घालून, माझ्याकडे न पाहता, पुस्तकात सांगितलं आहे तसं. तिच्या अंगाला अजून लहानपणीचाच वास होता, दुधाचा आणि धुराचा.

"प्रोवेचो, आई," ती टेबलाकडे वळून म्हणाली.

"ग्रासियास, बाळा."

दारात ती थांबली आणि आवाज बारीक करून विचारलं, "ती चुलीपाशी कोण आहे? किती वर्षं आहे इथे?"

"असू दे गं तिला," मागून माझाच मऊ आवाज आला. "तिला दुसरं कोणी नाही."

मी कोणाला दोष देऊ? पुस्तकवाल्यानं ऐकलं ते लिहिलं. पाहुण्यांनी वाचलं ते पाळलं. चोलेनं आणि फादरनी विश्वास ठेवला नाही, पण मीही ठेवला नसता. आरासेलीला बोल लावणार नाही, तिला अकरा वर्षांनी आई मिळाली. आणि त्या टोकाच्या बाईंनासुद्धा नाही. त्यांना बोलावल्यावर त्या आल्या. दोष एकीचाच. एकटी आहे म्हणायची जिला लाज वाटली, आणि रिकाम्या खुर्चीच्या वतीनं पहिलं उत्तर जिनं दिलं तिचा. तिचं नाव पूर्ण लिहून ठेवते, कारण कर्ण्यातून पुकारलं तर आता ओ दुसरीच देते: फिदेला क्रूस.